नवा माइक टोचतो

आमच्या टाउनशिपच्या मराठी मंडळाकडे वाद्यांसाठीचे दोन माइक होते. दोन्ही एकाच विलायती कंपनीचे, एकाच जातीचे, फक्त मधे एका पिढीचं अंतर. या दोन माइकांनी मला जेवढं घाबरवलं तेवढं आयुष्यात दुसऱ्या कशानेही घाबरवलेलं नाही. कारखान्यात डोक्यावरून क्रेनला लटकलेलं पोलादाचं धूड जायचं, तेव्हाही मी खाली निवांत तंबाखू मळत उभा असायचो. मुठीत मावणाऱ्या या दांडक्यांपुढे मात्र तो निवांतपणा टिकला नाही.

जुना माइक कारखान्यातले एक साहेब परदेशी प्रशिक्षणाला गेले होते, त्यांनी तिकडून आणलेला. राखाडी रंग बोटं लागून लागून उडालेला, तोंडावरची जाळी एका बाजूने चेपलेली, कारण एका गणपतीत तो ढोलकीवाल्याच्या मांडीवरून थेट फरशीवर पडला होता. पडला आणि वाजत राहिला. नवा काळाकुळकुळीत, वजनाला किंचित हलका, डोक्यावरचं कडं प्लास्टिकचं. त्या कड्यावरून मी बरीच टिंगल केली होती. आतली रचना मात्र दोन्हींची एकच. एक पातळ पडदा, त्याला चिकटलेलं बारीक तारेचं वेटोळं आणि भोवती चुंबक. आवाजाने पडदा हलतो, वेटोळं चुंबकात पुढेमागे होतं आणि वीज तयार होते. आम्ही कारखान्यात घराएवढ्या जनरेटरमध्ये जे करायचो तेच, फक्त खिशात मावेल एवढं. याला डायनॅमिक माइक म्हणतात. बॅटरी नाही, नखरे नाहीत, तबला असो की व्हायोलिन, तोंडाशी धरा आणि वाजवा.

मंडळाचा मिक्सर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची बटणांची पेटी, माझ्या ताब्यात होती. वर्ध्याहून इथे भोपाळला ट्रेनी म्हणून आलो त्यानंतरच्या पहिल्याच गणेशोत्सवात कुणीतरी मला त्या पेटीमागे बसवलं, तो मी तिथेच बसलो. माझ्या कानाचा टाउनशिपमध्ये दबदबा होता. कारखान्यात बेअरिंग खराब व्हायला लागलं की मी लांबून सांगायचो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे आवाजाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. मीही जागा सोडत नव्हतो. लोकांना बसवून समजावून सांगायचो की जुना माइक मवाळ असतो, वरच्या पट्टीतले आवाज तो गोलाई देऊन सोडतो. नवा तिथे जरा उघडा आहे, धारदार आहे. बोलायला मला आवडायचं आणि ऐकणाऱ्यांना उठून जाता यायचं नाही.

मी कारखान्याच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये, म्हणजे लोखंडकामाच्या विभागात होतो. पोलादाच्या जाड पत्र्यांवर दिवसभर ग्राइंडर चालायचे, हवेच्या दाबावरच्या छिन्न्या चालायच्या. कानावर लावायची टोपणं मिळायची, ती खुंटीला टांगलेली असायची. टोपणं लावली तर मशीन काय म्हणतंय ते कळणार कसं, असं आमचं सगळ्यांचं मत. पाळी संपली की भोंगा व्हायचा, आम्ही सायकली काढायचो आणि रस्ताभर एकमेकांशी ओरडूनच बोलत घरी यायचो. ‘अहो, हळू. पार बरखेड्यापर्यंत ऐकू जातंय,’ असं बायको मला पिपलानी सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये रोज सुनवायची. आमच्या शॉपच्या सगळ्याच बायकांची ही तक्रार होती आणि त्यावर त्या एकत्र हसायच्या.

मंडळाची कार्यकारिणीही आमच्याच शॉपची. याचं कारण साधं होतं. मांडवाचा लोखंडी सांगाडा वेल्डिंग करून द्यायचा, उभा करायचा, उतरवायचा, हे काम आमच्या माणसांचं. मग निर्णयही आमचेच. अध्यक्ष म्हणजे माझे जुने साहेब, आता निवृत्त, पण आवाजात अजून शॉपची जरब. कार्यक्रम संपला की ही सगळी मंडळी मिक्सरभोवती उभी राहायची आणि अध्यक्ष निकाल द्यायचे, ‘एकदम साफ!’ मग बाकीचे माना डोलवायचे. इतकी वर्षं हा रिवाज चालू होता.

माझी बायको व्हायोलिन वाजवते. नागपूरला माहेरी शिकली आणि लग्नानंतर सामानाच्या पहिल्या ट्रंकेबरोबर व्हायोलिनची पेटीही भोपाळला आली. उन्हाळ्यात मागच्या व्हरांड्यात ओला पडदा सोडून ती रियाज करायची आणि शेजारपाजारच्या बायका भाजी निवडत ऐकत बसायच्या. गणपतीच्या संगीत संध्येला तिचं वादन ठरलेलं. कॉलनीत मला नावाने कोणी ओळखत नसे. मी व्हायोलिनवाल्या वहिनींचा नवरा. वरून मी कुरकुर करायचो, पण मनातून मला ते फार आवडायचं.

नवा माइक आला आणि बायकांनी पहिल्याच कार्यक्रमानंतर तक्रार केली की नवा माइक टोचतो. कार्यकारिणीची बैठक बसली. आम्ही सगळ्यांनी माइक लावून ऐकला, बोलून पाहिलं, टाळ वाजवून पाहिला. कुणालाच काही टोचलं नाही. ‘बायकांचे कान नाजूक असतात,’ अध्यक्ष म्हणाले आणि आम्ही हसलो. ठराव एकमताने झाला की माइकमध्ये दोष नाही.

पुढच्या वर्षी तक्रार फिरली. प्रसादाच्या रांगेत एक बाई दुसरीला म्हणाली, ‘वहिनींचा हात हल्ली जरा कडक झालाय, नाही? पूर्वी किती मऊ वाजवायच्या.’ माझी बायको नेमकी त्यांच्या मागे उभी होती. घरी येऊन तिने व्हायोलिन पुसलं, पेटीत ठेवलं आणि पेटी कपाटावर चढवली.

‘अगं, मस्त वाजलं होतं,’ मी म्हणालो.

‘तुम्ही म्हणणारच. वय झालं आता. बोटं आखडतात, गज दाबला जातो. मलाही स्पीकरमधून ऐकू येत होतं की, नुसतं करकरत होतं.’

मी वाद घातला, चिडलोसुद्धा. मला खरंच ते छान वाटलं होतं. पण वर्षभर ती पेटी खाली आली नाही.

मग आला माझ्या नोकरीचा शेवटचा पावसाळा. त्या वर्षी शेजारच्या क्वार्टरमधल्या मुलीने मंडळात आवाज उठवला. ती इंजिनिअरिंगला होती, तबला वाजवायची आणि कुणाच्या बापाला भ्यायची नाही. ती म्हणाली की दरवर्षी नुसती भांडणं नकोत, एका रविवारी सकाळी हॉलमध्ये दोन्ही माइक शेजारी शेजारी ठेवू, पडद्याआड एकच वाद्य वाजवू आणि सगळे मिळून ठरवू. मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. तुलना करायची तर माझ्याइतका जाणकार कोण होता?

त्या रविवारच्या आधी घरी जरा हात साफ करून घ्यावा म्हणून मी दोन्ही माइक जेवणाच्या टेबलावर मांडले, मिक्सर जोडला, कानाला हेडफोन लावले आणि जुन्या माइकसमोर किल्ल्यांचा जुडगा हलवला. मग नव्यासमोर. काही फरक नाही. मला वाटलं, वायर चुकली. वायरी बदलल्या, पुन्हा हलवला. दोन्हीकडून तोच, बोथट, पिशवीत ठेवून हलवल्यासारखा आवाज. मी नव्या माइकला शिव्या घातल्या. एवढ्यात ती शेजारची मुलगी वाटीभर साखर मागायला आली.

‘जरा हेडफोन लाव गं,’ मी म्हणालो. ‘माइक बिघडलाय वाटतं.’

तिने डोळे मिटले. मी आलटून पालटून किल्ल्या हलवत गेलो.

‘हा जुना,’ ती म्हणाली. ‘हा नवा. ये भी नया. हा जुना. काका, दोन्ही एकदम ठीक आहेत ना. नया वाला ऊपर से थोडा तेज आहे, बस. किती साफ कळतंय!’

ती साखर घेऊन गेली. मी हेडफोन पुन्हा लावले आणि डोळे मिटून किल्ल्या हलवत राहिलो. एकदाही मला सांगता आलं नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं मागच्या व्हरांड्यात चहा घेत होतो. अंधारून येत होतं. सहज विचारतोय असं दाखवत मी म्हणालो, ‘हल्ली रातकिडे राहिले नाहीत, नाही? औषधं फवारतात म्हणून असेल. दोन-तीन वर्षं झाली.’

बायको माझ्याकडे बघायला लागली. ‘काय बोलताय? नुसती किरकिर चाललीय. बोलणं ऐकू येत नाहीये.’

मी गवताकडे पाहिलं. गवत हलत होतं. लांब रस्त्यावरून स्कूटर गेली, ती ऐकू आली. कुणाच्या तरी घरात टीव्ही लागला, तोही ऐकू आला. पण समोरच्या गवतात शेकडो किडे कोकलत होते आणि माझ्यासाठी तिथे काहीच नव्हतं. ‘हो गं, आहेत की,’ मी म्हणालो आणि चहा संपवला.

त्यानंतरचे दिवस मी भीतीत काढले. घड्याळ कानाशी धरून पाहायचो. नळ सोडून पाण्याचा आवाज ऐकायचो आणि तो पूर्वी कसा यायचा ते आठवून पाहायचो, तर तेही आठवत नव्हतं. कुणी बोलायला लागलं की मी त्याच्या ओठांकडे पाहतोय हे माझ्या लक्षात आलं, आणि हे किती वर्षांपासून चाललंय ते काही केल्या कळेना. टाउनशिपमध्ये बहिऱ्या माणसाचे विनोद फार चालायचे. त्यातले निम्मे मीच सांगत आलो होतो.

टाउनशिपच्या दवाखान्यात जायची सोय नव्हती. तिथला कंपाउंडरसुद्धा मंडळाचा सभासद; संध्याकाळच्या आत बातमी सगळ्या सेक्टरांत पसरली असती. बँकेत काम आहे असं सांगून मी शाहपुऱ्याला गेलो. तिथे तलावाजवळ कानाच्या एका डॉक्टरांचा खाजगी दवाखाना होता. त्यांनी मला एका बंद खोपटात बसवलं, कानाला हेडफोन लावले, हातात बटण दिलं. काचेपलीकडे तपासणी करणारी बाई बसली होती. ‘सुनाई दे तो बटन दबाइए,’ ती म्हणाली.

पहिले काही आवाज जाड होते. मी झटपट बटण दाबत गेलो, मनात म्हटलं, झालं, काही नाही, उगाच घाबरलो. मग शांतता पसरली. त्या खोपटात एवढी शांतता होती की मला माझंच रक्त ऐकू येत होतं. काचेतून त्या बाईचा हात दिसत होता. हात एक बटण फिरवत होता, थांबत होता, पुन्हा फिरवत होता. म्हणजे आवाज चालू होता. माझ्या कानात, या क्षणी, आवाज चालू होता. मी जीव एकवटून ऐकत होतो. शेवटी मी एक गंमत केली. तिचा हात हलला की मी बटण दाबायला लागलो.

तिच्या ते लगेच लक्षात आलं. तिने दार उघडलं आणि अजिबात न रागावता म्हणाली, ‘अंकल, ज़रा दीवार की तरफ मुँह करके बैठिए.’

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. किती वेळ बसलो कोण जाणे. बटणावर अंगठा ठेवला होता आणि तो दाबायची वेळच येत नव्हती. डोळ्यांत पाणी आलं, ते तिला दिसत नाही एवढंच बरं वाटलं.

डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. रेघ बऱ्यापैकी सरळ चालत येत होती आणि एका जागी धाडकन खड्ड्यात पडली होती. ‘शोर में नौकरी थी?’ त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ‘यह हिस्सा वापस नहीं आएगा. जो बचा है, उसे बचाइए.’ खड्डा कुठल्या पट्टीवर आहे ते मी पाहिलं. नव्या माइकबरोबर आलेल्या पत्रकावर अशीच एक रेघ होती. ती नेमकी त्याच पट्टीवर टेकडीसारखी वर चढायची. जुना आणि नवा यांच्यातला सगळा फरक त्या टेकडीत होता. माझ्याकडे तिथे खड्डा होता.

तलावाकाठी कठड्यावर बसलो आणि मग बाकीचं उलगडत गेलं. वरचे आवाज मला कमी येत होते, म्हणून मी मिक्सरवर ते वाढवत होतो. जरा अजून, जरा अजून, मला साफ वाटेपर्यंत. जुना माइक मुळात मवाळ, त्याच्यात माझी ती वाढ बरीचशी खपून जायची. नवा माइक उघडा, त्यात ती सुईसारखी घुसायची. नवा माइक टोचत नव्हता. मी टोचत होतो. आणि बायकोचा हात कडक झालेला नव्हता.

हे तिला सांगायला हवं होतं. त्या दिवशी घरी गेल्या गेल्या सांगायला हवं होतं. पण मी घाबरलो होतो. मिक्सर जाईल, लोकांचा विश्वास जाईल, हे होतंच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. सांगितलं की ते खरं होणार. आज वरचे आवाज गेले, उद्या त्याखालचे जातील, मग माणसांचे शब्द जातील. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून कुठे राहायचं याची काळजी आम्ही करत होतो आणि मी मनातल्या मनात एका बंद खोपटात राहायला निघालो होतो. न सांगावं तर तिचं व्हायोलिन कपाटावर राहणार. सांगायला तोंड उघडायचो आणि भलतंच काहीतरी बोलायचो. भाजी काय आणू, असं.

रविवारी सकाळी हॉल भरला. पोहे-जिलबीची सोय होती म्हणूनही भरला असेल. पुढच्या रांगेत कार्यकारिणी, म्हणजे आमची शॉपची जुनी मंडळी. मागे बायका आणि तरुण पोरं. तुलनेला एखादं वाद्य हवं, तर शेजारच्या मुलीने माझ्या बायकोला गळ घातली होती. ‘फक्त टेस्टिंग, काकू. कार्यक्रम थोडीच आहे?’ फक्त टेस्टिंग म्हणून ती तयार झाली होती. वर्षाने पेटी खाली आली, तारा लावल्या गेल्या. ती पडद्याआड बसली, समोर दोन्ही माइक. मी मिक्सरवर.

‘नेहमीसारखं लाव,’ अध्यक्ष म्हणाले.

माझा हात आपोआप नेहमीच्या जागी गेला. मी मुद्दाम केलं नाही. किंवा केलं असेल, घाबरलेल्या माणसाचं काय सांगावं. बायकोने भूप रागातले चार स्वर वाजवले. एकदा जुन्या माइकवर, एकदा नव्यावर. नव्याच्या वेळी मी मागे वळून पाहिलं. बायकांचे चेहरे आक्रसले होते, एका लहान मुलीने चक्क कानावर हात ठेवले. पुढची रांग शांत होती. ‘एकदम साफ!’ अध्यक्ष म्हणाले.

मागून गलका झाला. कुणी म्हणे नवा विकून टाका, कुणी म्हणे जुना तरी कुठे धड आहे. तेवढ्यात पडदा बाजूला करून माझी बायको बाहेर आली. हातात गज तसाच होता.

‘माइकवरून भांडू नका हो,’ ती म्हणाली. ‘दोन्हीकडे मला तेच ऐकू येतंय. माझाच हात बिघडलाय. आता मी वाजवणार नाही, म्हणजे प्रश्नच मिटला.’ हे ती हसून म्हणाली. ती गज पेटीत ठेवायला वळली.

मी उठलो. मी शेजारच्या मुलीला हाक मारली. ‘इकडे ये. इथे बस. सगळी बटणं मधोमध आण, ना कमी ना जास्त.’

‘मी, काका?’

‘तू. मी हात लावणार नाही.’ मग बायकोकडे पाहून म्हणालो, ‘एकदा वाजव. शेवटचं म्हणून वाजव.’

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पडद्याआड गेली. मुलीने बटणं मधोमध आणली. तेच चार स्वर आले. माझ्या मते आवाज मेला. कांबळं टाकल्यासारखा झाला. मला वाटलं, झालं, मी सगळं धुळीला मिळवलं. घाबरत मागे वळून पाहिलं, तर बायकांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. प्रसादाच्या रांगेतली ती बाई मोठ्याने म्हणाली, ‘आता! आता वाजलं वहिनींसारखं. हा जुना ना?’

‘नवा,’ मुलगी म्हणाली. ‘आता जुना लावते.’ तोही वाजला. तोही चांगला, म्हणाले सगळे. जरा गोल आहे, नवा जरा खुला आहे. हाच तर फरक, एवढासा. कुणी हा म्हणालं, कुणी तो, आणि भांडण हसण्यावारी गेलं. पडद्याआडून बायकोचा आवाज आला, ‘अगं बाई, हे मीच वाजवतेय?’

‘काकू, अब पूरा बजाइए ना!’ असं म्हणत मुलीने जाऊन पडदाच उघडला. बायकोने डोळे मिटले आणि भूप खराखुरा सुरू केला.

पुढच्या रांगेत मात्र चुळबूळ होती. अध्यक्ष माझ्याकडे झुकले. ‘अरे, काय केलंस हे? आवाज दबला की पार. मघाचं कितीतरी साफ होतं.’ त्यांच्या पलीकडच्यांनी माना डोलवल्या. सगळी आमच्या शॉपची माणसं. त्यांच्या मागे अख्खा हॉल तल्लीन होऊन ऐकत होता आणि ही एकच रांग एकमेकांकडे बघत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं. ‘एकदम साफ’ म्हणणारे, ठराव करणारे, बायकांच्या नाजूक कानांवर हसणारे आम्ही सगळे एकाच छताखाली, त्याच छिन्न्यांजवळ उभे होतो.

‘साहेब,’ मी हळू म्हणालो, ‘मला वरचे आवाज ऐकू येत नाहीत.’

‘काय?’

मी त्यांच्या कानाशी गेलो. ‘मला ऐकू येत नाहीत. डॉक्टरने सांगितलंय. आणि साहेब, तुम्हालाही नाहीत.’

त्यांना राग आला. शॉपमध्ये यायचा तसा, मान लाल होऊन. ‘मूर्खासारखं बोलू नकोस,’ म्हणाले. मग मागे वळून त्यांनी त्या ऐकणाऱ्या बायकांकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, पुन्हा मंचाकडे पाहिलं. गज चालत होता. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांचा हात कानापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. माझी भीती आता माझ्या एकट्याची राहिली नव्हती, पण त्याने ती कमी झाली असं म्हणता येणार नाही.

मी मंचाकडे पाहत राहिलो. बायको वर वर जात होती. बोटं पट्टीवर सरकत होती, गज हलका, झरझर चालत होता. त्यातलं जे तिने खरोखर वाजवलं ते किती माझ्यापर्यंत येत होतं, हे मला समजायला काही मार्ग नव्हता. मला येत होतं तेच मला सगळं वाटत होतं.

टाळ्या फार वेळ वाजल्या. बायका तिला मिठ्या मारत होत्या. त्या गराड्यातून वाट काढत ती सरळ माझ्याकडे आली. चेहरा फुलला होता, कपाळावर घाम होता, व्हायोलिन अजून हातातच.

‘माझा हात चांगला आहे हो!’ ती म्हणाली. ‘काहीसुद्धा झालेलं नाही त्याला. शेवटी ती हलकी मींड घेतली ना, वरच्या षड्जावरून, तशी तर मला तरुणपणी पण जमत नव्हती. ऐकलीत ना? कशी होती?’

मी तिच्याकडे पाहिलं. ‘मस्त’ हा एक शब्द पुरला असता. इतकी वर्षं एका शब्दात भागलं होतं.

‘वाजवताना फार छान दिसत होतीस,’ मी म्हणालो.

ती लाजून हसायला लागली, आणि मधेच थांबली.